दुर्गाबाई खोटे

गोमंतकीय मुळाच्या, कोकणी बोलणाऱ्या लाड कुटुंबात १४ जानेवारी १९०५ रोजी दुर्गाबाईंचा जन्म झाला. सासरी खोटे घराण्यावर आर्थिक संकट कोसळले. पदरी दोन मुलगे होते. तेव्हा कुलीन स्त्रियांस निषिद्ध मानलेल्या चित्रसृष्टीत त्या शिरल्या. पहिल्या चित्रपटाने लोकनिंदाच पदरी पडली. पण १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात त्यांनी साकारलेल्या तारामतीने लोकमत पालटले. पुढे स्वतःची निर्मितीसंस्था काढून त्यांनी माहितीपटही निर्मिले. अभिनेत्रीने निर्माती होणे त्या काळी विरळाच. १९८३ चा फाळके पुरस्कार त्यांस लाभला. १९९१ मध्ये त्या निवर्तल्या. ही वाट त्यांनी गरजेपोटी धरली, पण त्या चालल्या स्वाभिमानाने. मुरगावच्या आमच्या विद्यार्थिनींनी एवढे ध्यानी धरावे, असे आम्हांस वाटते.