डेव्हिड मार: ३५ वर्षांचं आयुष्य, पण संदर्भ आजही!

आपण 'पाहतो' म्हणजे मेंदू नेमकं काय करतो? हे कोडं डेव्हिड मार यांनी गणिताने सोडवायला घेतलं.

१९४५ साली इंग्लंडमध्ये जन्मलेले मार केंब्रिजमध्ये गणित शिकले. १९६९ मध्ये त्यांनी लहान मेंदू हालचाली कशा शिकतो, याचा सिद्धांत मांडला. पुढे अमेरिकेत एमआयटीमध्ये, चित्रातल्या कडा आणि खोली कॉम्प्युटरला कशी ओळखता येईल, यावर त्यांनी काम केलं.

त्याच काळात ल्युकेमियाचं निदान झालं. तरीही त्यांनी 'व्हिजन' हे पुस्तक लिहिलं. १९८० मध्ये त्यांचं निधन झालं. पुस्तक आलं १९८२ मध्ये.

आज मेंदूविज्ञान आणि कॉम्प्युटर व्हिजन, दोन्हीकडचे संशोधक त्याचा संदर्भ देतात. कॉम्प्युटर व्हिजनमधला मानाचा 'मार पुरस्कार'ही त्यांच्याच नावाने दिला जातो.