खिदमत आणि थकवा: हकीम अजमल खान

आपल्या घरांत नर्स, डॉक्टर, आशाताई आहेत. ड्यूटीवरून परततात तेव्हा बोलायचंही त्राण नसतं. अशा वेळी आम्हाला मरहूम हकीम अजमल खान (१८६८-१९२७) आठवतात. दिल्लीत ते रुग्ण फुकट तपासत. बाहेरच्या राजे-नवाबांकडून मात्र भरपूर फी घेत. आम्हाला हा हिशेब फार आवडतो. खिदमतीचं ओझंही त्यांनी एकट्याने वाहिलं नाही. १९०९ मध्ये बायकांसाठी तिब्बी मदरसा काढला, हिंदुस्तानी दवाखान्याची कमाई तिब्बिया कॉलेजला दिली. १९२१ मध्ये गांधीजींनी त्या कॉलेजचं उद्घाटन केलं. शिवाय ‘शैदा’ नावाने शायरी होतीच, उर्दूत आणि फारसीतही! पुढे खिलाफत, काँग्रेस, जामिया अशी कामं वाढतच गेली. २९ डिसेंबर १९२७ रोजी रामपूरला हृदयविकाराने त्यांचा इंतकाल झाला.