लुई आर्मस्ट्राँग

अमेरिकेच्या दक्षिणेस मिसिसिपी नदीकाठी न्यू ऑर्लिन्स हे बंदर आहे. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन लोकांच्या वंशजांचे ताल व भजने आणि युरोपीयांची पितळी वाद्ये यांचा तेथे संगम होऊन विसाव्या शतकाच्या आरंभी जॅझ संगीत उदयास आले. त्या संगीतास जगभर मान मिळवून देणाऱ्या लुई आर्मस्ट्राँगचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगत आहो.

लुई ४ ऑगस्ट १९०१ रोजी दरिद्री कृष्णवर्णी कुटुंबात जन्मला. पित्याने घर सोडले होते. लहानपणीच तो कोळशाच्या गाडीवर राबू लागला. १९१२ च्या अखेरच्या रात्री उत्सवाच्या भरात त्याने रस्त्यावर पिस्तूल झाडले, म्हणून त्या अकरा वर्षांच्या मुलाची रवानगी सुधारगृहात झाली. तेथील संगीतशिक्षक पीटर डेव्हिस यांनी प्रथम त्यास दूरच ठेविले. परंतु पुढे त्याची चिकाटी पाहून त्याच्या हाती कॉर्नेट दिले व त्यास वाद्यवृंदाचा नायक केले.

१९२२ साली गुरू जो ऑलिव्हर यांनी त्यास शिकागोस बोलाविले. पूर्वी या संगीतात सर्व वादक बहुधा एकदमच वाजवीत. १९२५ ते १९२८ या काळातील तबकड्यांत लुईने एकट्या वादकाच्या उत्स्फूर्त कल्पनेस अग्रस्थान दिले. गोरे तरुणही त्याच्या वादनाचे अनुकरण करू लागले. तथापि ज्या शहरांत त्याच्यासाठी टाळ्या पडत, त्यांतील कित्येक उपाहारगृहांची दारे त्यास बंदच होती.

लुई सदा हसतमुख. तो गोऱ्यांपुढे फार नमतो, असा आक्षेप त्याचेच काही बांधव घेत. परंतु १९५७ साली लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णी विद्यार्थ्यांस शाळेत शिरू न देण्यासाठी राज्यपालांनी सैनिक उभे केले, तेव्हा लुईने सरकारचा उघड निषेध केला व सरकारतर्फे ठरत असलेला रशियाचा दौरा नाकारला. त्याच्यावर बहिष्कार घालण्याची हाक उठली; तरी त्याने शब्द मागे घेतला नाही. काही दिवसांनी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी फौज पाठवून त्या मुलांस शाळेत पोहोचविले.

६ जुलै १९७१ रोजी न्यूयॉर्क येथे लुईचे निधन झाले. ज्यास स्वतःस शाळा अल्पच लाभली, त्याने परक्या मुलांच्या शाळेसाठी आपली लोकप्रियता पणास लावली. त्याच्या तुतारीइतकीच ही गोष्टही आमच्या विद्यार्थ्यांनी स्मरणात ठेवावी, असे आम्हांस वाटते.