नऊ वर्षे आधीची खूण

लाल मिलोची भाकरी खाल्लेल्या पिढीला अमेरिकेची ‘पीएल ४८०’ योजना आठवत असेल. त्या धान्यमदतीचा सिनेटमध्ये पाठपुरावा करणाऱ्यांत ह्यूबर्ट हम्फ्री आघाडीवर होते. दक्षिण डकोटातल्या औषधविक्रेत्याचा हा मुलगा. स्वतःही फार्मसी शिकलेला, वडिलांच्या दुकानात काम केलेला. १९६५ मध्ये ते अमेरिकेचे उपाध्यक्ष झाले.

१९६७ मध्ये त्यांच्या लघवीतून रक्त गेले. दुर्बिणीने मूत्राशय तपासले, तुकडा काढून पाहिला. तज्ज्ञांचे एकमत होईना. काहींना ती कर्करोगाची सुरुवात वाटली, काहींना नुसता दाह. मूत्राशय काढायचे तर लघवीला आतड्याच्या तुकड्यातून वाट करून द्यायची आणि पोटावर कायमची पिशवी लावायची. शंकेवरून एवढे कोण करणार? लक्ष ठेवायचे ठरले. त्याला निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. पुढच्याच वर्षी हम्फ्री अध्यक्षपदासाठी लढले आणि निक्सन यांच्याकडून थोडक्यात हरले.

१९७३ मध्ये निदान पक्के झाले. रोग अजून अस्तरापुरता होता. किरणोपचार दिले गेले. १९७६ मध्ये मात्र तो खोल शिरल्याचे दिसले. या आजाराचे भवितव्य याच सीमेवर ठरते. रोग अस्तरात असेपर्यंत मूत्राशय बहुधा वाचवता येते. स्नायूच्या थरात पोहोचल्यावर काही पेशी आधीच बाहेर निसटलेल्या असू शकतात आणि शस्त्रक्रिया कितीही चांगली झाली तरी त्या मागे राहतात. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंगमध्ये त्यांचे मूत्राशय काढले. ऑगस्ट १९७७ मध्ये पोट पुन्हा उघडले, तेव्हा कटिपोकळीत काढता न येणारी गाठ होती. १३ जानेवारी १९७८ रोजी, ६६ व्या वर्षी ते गेले.

त्यांचे मूत्राशय काढले त्याच वर्षी, कॅनडात अल्व्हारो मोरालेस यांनी मूत्राशयात बीसीजी सोडण्याच्या उपचाराचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. हीच ती लस, जिचा व्रण आपल्या दंडावर असतो! अस्तरापुरत्या उग्र कर्करोगावर आज हा नेहमीचा उपचार आहे.

१९९४ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी हम्फ्रींच्या १९६७ च्या लघवीतल्या, जपून ठेवलेल्या पेशी तपासल्या. त्यांच्यातल्या पी-५३ या जनुकात बिघाड सापडला. १९७६ च्या गाठीतही नेमका तोच. सूक्ष्मदर्शकाखाली ज्यावर एकमत झाले नव्हते, त्याची खूण पेशींत नऊ वर्षे आधीच होती. पण ती वाचणार कोण? पी-५३ चा शोधच मुळी १९७९ मध्ये लागला, हम्फ्री गेल्याच्या पुढच्या वर्षी.