श्रीसावतोबांचा मळा

आषाढी जवळ आली म्हणजे आमच्या उमरग्यात दोन प्रकारची माणसे दिसू लागतात. एकाच्या खांद्यावर पताका असते आणि दुसऱ्याच्या डोळ्यांत पाणी असते. पहिला वारीला निघालेला असतो. दुसऱ्याची मृगावर नुकतीच सोयाबीन-तुरीची पेरणी झालेली असते, नाहीतर घरात म्हातारे माणूस अंथरुणाला खिळलेले असते, नाहीतर दावणीची म्हैस आज-उद्या व्यायची असते. तो वेशीपर्यंत दिंडीबरोबर जातो, विणेकऱ्याच्या पाया पडतो आणि माघारी फिरतो. फिरताना आपल्या हातून काहीतरी पाप घडले असे त्याला वाटत राहते. अशा मागे राहिलेल्या मंडळींसाठी हे चरित्र लिहीत आहो.

उमरग्याच्या दारावरून जाणारा पुणे-हैदराबादचा मोठा रस्ता धरून सोलापूर ओलांडले की पुढे मोडनिंब लागते. तेथून थोडक्या अंतरावर माढे तालुक्यात आरण गाव आहे. याच गावी शके ११७२ म्हणजे इ. स. १२५० च्या सुमारास श्रीसावता महाराजांचा जन्म झाला, असे परंपरा सांगते. ज्ञानोबारायांपेक्षा पंचवीस आणि नामदेवरायांपेक्षा वीस वर्षांनी ते वडील. आपल्याच जिल्ह्यातल्या तेरचे गोरोबाकाकाही त्यांच्या काळातले. देवगिरीवर यादवांचे राज्य होते. सावतोबांचे आजे दैवू माळी हे पंढरीचे वारकरी. म्हणजे नाम घरातच होते आणि मळाही घरातच होता. दोन्ही वारशाने आले आणि त्यांनी त्यांतले एकही टाकले नाही. भेंड गावच्या जनाबाईंशी त्यांचे लग्न झाले. विठ्ठल आणि नागाताई ही त्यांची मुले.

चरित्राच्या बाहेरच्या घडामोडी म्हणाल तर एवढ्याच. हा पुरुष कुठे दूर तीर्थाटनाला गेला नाही, वादसभा जिंकली नाही, राजदरबारी उभा राहिला नाही. मग सांगायचे काय? सांगायचा तो मळा.

आजच्या मुलांना मोट ठाऊक नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. मोट म्हणजे चामड्याची थोरली पिशवी. नाड्याने ती विहिरीत सोडायची. भरली की बैल धावेच्या उतारावर चालू लागायचे आणि मोट वर यायची. तिच्या सोंडेला सोंदूर बांधलेला असे. त्याच्या ओढीने सोंड थारोळ्यात मोकळी व्हायची, आणि थारोळ्यातून पाणी पाटाला, पाटातून वाफ्याला जायचे. एक जण मोट हाकणार, दुसरा खाली दारे धरणार. बैल थकले की पाणी थांबले. अशा पाण्यावर जो भाजीपाला करतो त्याला पाण्याच्या थेंबाथेंबाचा हिशेब असतो. मेथीच्या वाफ्याला वेळेवर पाणी मिळाले नाही तर ती मान टाकते. तिला उद्या ये म्हणून सांगता येत नाही. सावतोबा पंढरीस गेले नाहीत, त्याचे एक कारण हे असे वाफ्यात उभे होते.

मोटेचा मळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना आणखी एक गोष्ट आठवेल. तो मळा एकट्या माळ्याचा कधीच नसे. पाट कितीही चोपला तरी थोडा पाझरायचाच. त्या ओलीत बेडूक बसत आणि रात्रभर किडे टिपीत. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबत. खाली पाणी असले म्हणजे साप-मांजराला पिलांपर्यंत जाणे अवघड, एवढी अक्कल त्या चिमुकल्या पाखराला असते. बैलाच्या पाठीवर कोतवाल पक्षी बसून येई आणि गवतातून उडालेला टोळ हवेतच धरी. कुंपणाच्या जाळीत भारद्वाज राही. तो गोगलगायी, उंदराची पिले, सगळे खातो. हे सारे मळ्याचे बिनपगारी गडी. कोथिंबिरीच्या चार काड्या, दाण्याची दोन कणसे त्यांची मजुरी. माळी ती कुरकुर न करता सोडायचा. गोफण होती, नाही असे नाही. पण गोफणीच्या दगडाने पाखरू उडवायचे असते, मारायचे नसते, हे जुन्या सोकारीला कोणी शिकवावे लागत नसे.

सावतोबांचे अभंग अगदी थोडे, सदतीसच्या आसपास उपलब्ध आहेत. काशिबा गुरव यांनी ते लिहून ठेवले म्हणून ते आपल्याला मिळाले. गुरवाच्या या उपकाराची आठवण कीर्तनात फारशी निघत नाही, ती निघावी. या अभंगांत महाराजांना आपल्या भाज्यांमध्ये, मोट-विहिरीमध्ये विठ्ठलच दिसतो. काही लोकांना हे नुसते रूपक वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. ज्याने एका वाफ्यात बी पेरून रोज पहाटे वाकून पाहिले आहे, मातीची ढेकळी डोक्यावर घेऊन कोंब वर आलेला पाहिला आहे, त्याला ही गोष्ट रूपक वाटणारच नाही. ती त्याच्या पाहण्यातली असते.

(येथे एक गंमत सांगून टाकतो. त्यांच्या प्रसिद्ध अभंगात मिरचीचे नाव आज गातात. पण मिरची ही अमेरिकेतली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती सोळाव्या शतकात आपल्याकडे आली, म्हणजे महाराजांनंतर दोनशे-अडीचशे वर्षांनी. तेव्हा हे नाव गाणाऱ्यांच्या तोंडी मागाहून शिरले असावे. टोमॅटो, बटाटा, पेरू, पपई, एवढेच काय पण आपण ज्याच्या माळा करतो तो झेंडूही त्यांच्या मळ्यात नव्हता. त्याने अभंगाची गोडी काही कमी होत नाही. ज्याच्या त्याच्या वाफ्यात जे असेल ते त्याने देवाला जोडावे, तसेच लोकांनी केले.)

पण हे सगळे फुकट मिळाले नाही. घरातला प्रसंग पाहा. एकदा जनाबाईंच्या माहेरची माणसे आली. महाराज भजनात इतके रंगले होते की आलेल्यांना पाणी द्यायचेही भान राहिले नाही. माहेरच्या माणसांचा अपमान कोणत्या बाईला सोसेल? जनाबाई संतापल्या. चरित्रकार हा प्रसंग महाराजांच्या मोठेपणासाठी सांगतात. आम्हांला मात्र जनाबाईंचा रागही खरा वाटतो. दिवसभर मळ्यात राबणाऱ्या घरात चूल, पोरे, गुरे आणि पाहुणे कोणी सांभाळले असतील? सावतोबांनी त्यांच्यावर उलट राग धरला नाही. गोड शब्दांनी त्यांची समजूत काढली आणि प्रपंचात राहूनच परमार्थ कसा करावा हे त्यांना सांगितले, असे परंपरा म्हणते.

आता वर सांगितलेल्या बिनपगारी गड्यांविषयी आमच्याकडचे थोडे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तो उमरगे भागातला माणूस विसरणार नाही. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे माळवद, अशी आपली जुनी घरे. तीच अंगावर आली आणि झोपेतली माणसे गेली. पुढे गावे नव्या जागी वसली, घरे सिमेंटची झाली. ते योग्यच झाले, त्याविषयी दुमत नाही. फक्त एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. जुन्या भिंतीच्या खोबणीत चिमणी राहत असे, आणि सिमेंटच्या भिंतीला खोबण नसते. नव्या ओट्यावर पुष्कळ दिवस चिवचिव नव्हती, तेव्हा म्हाताऱ्या बायकांना ती चुकल्यासारखी वाटे. ज्याला वाटेल त्याने वळचणीला एक मडके आडवे टांगावे, तोंड दीड इंचाचे ठेवावे, मांजर पोचणार नाही एवढे उंच. जागा पसंत पडली तर चिमणी राहते.

आणि परसातले औषध मारणे आवरावे. हे मी शहाणपणाने सांगत नाही, चूक करून सांगतो. आमच्या परसातल्या लिंबाच्या झाडावर एके वर्षी अळ्या पडल्या. पहिल्याने पाखराच्या विष्ठेसारख्या दिसतात, मग हिरव्यागार होतात. मी फवाऱ्याचा पंप घेऊन निघालो. आई ओसरीवर तांदूळ निवडीत होती. तिने हात धरला नाही, काही नाही. एवढेच विचारले, की औषध पाने बघून पडते का अळी बघून, आणि ती अळी नेणाऱ्या चिमणीचे काय. मी ऐकले नाही, अर्ध्या झाडावर मारलेच. उरलेल्या अर्ध्यावर दुसऱ्या दिवशी सातभाईंचा थवा उतरला आणि त्यांनी अळ्या वेचून खाल्ल्या. ज्या राहिल्या त्यांची पिवळ्या-काळ्या ठिपक्यांची फुलपाखरे झाली. झाडाने महिन्याभरात नवी पालवी धरली, मारलेल्या बाजूला आणि न मारलेल्याही. म्हणजे माझे औषध निव्वळ वाया गेले. धान्य खाणारी चिमणीसुद्धा आपल्या पिलाला अळ्या-किडेच भरवते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. अळ्या सगळ्या मारल्या तर मडके टांगून उपयोग काय? रोप अगदी कोवळे असेल तर मात्र अळ्यांवर सोडून चालत नाही. त्या काडीने उचलून कढीपत्त्याच्या मोठ्या झाडावर नेऊन सोडाव्या. तोही त्यांना चालतो.

पाण्याचे म्हणाल तर आपला मुलूख कमी पावसाचा. मोरीचे पाणी अळूला आणि केळीला वळवावे, साबणाचे तेवढे वगळून. पालापाचोळा जाळू नये, आळ्यात पसरावा. त्याखाली ओल टिकते, गांडुळे येतात आणि उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी दिले तरी भागते. पाखरांसाठी मातीची उथळ परात सावलीत ठेवावी. तीतले पाणी रोज बदलावे, म्हणजे डास होत नाहीत.

असो. विषयांतर झाले खरे, पण सावतोबांच्या नावावर ते चालून जावे.

त्यांच्या चरित्रातली मुख्य कथा सर्वांना ठाऊक आहे, तरी ती मळ्यातच घडली म्हणून पुन्हा सांगतो. पैठणचे कूर्मदास हातापायांनी अधू. सरपटत, लोळत पंढरीला निघाले आणि लऊळपर्यंत येऊन थकले. त्यांना भेटायला पांडुरंग स्वतः निघाला, बरोबर ज्ञानदेव आणि नामदेव. वाटेत आरण लागले. देवाने तहानेचे निमित्त केले, त्या दोघांना थांबवले आणि एकटाच पळत सावतोबांच्या मळ्यात शिरला. माझ्यामागे चोर लागले आहेत, मला कुठेतरी लपव, अशी त्याने विनवणी केली. मळ्यात लपायला जागा थोड्या का असतात? ऊस असेल, विहिरीची कपार असेल. सावतोबांना त्यांतली एकही पुरेशी वाटली नाही. हातात खुरपे होते. तण काढून काढून धार आलेले ते खुरपे त्यांनी स्वतःच्या पोटाला लावले, देवाला आत घेतले आणि वरून उपरणे बांधून पुन्हा वाफ्यात बसले. इकडे नामदेव देव दिसेना म्हणून व्याकूळ झाले. शोधीत शोधीत मळ्यात आले, तेव्हा देव कुठे आहे ते कळले.

ही कथा महिपतींनी भक्तविजयात रंगवून सांगितली आहे. तिच्यात नामदेवांसारख्या लाडक्या भक्ताला देवासाठी रडत आरणच्या बांधावर यावे लागले, हे आम्हांस फार मोलाचे वाटते. रोज देवाशी बोलणारा बांधावर उभा, आणि ज्याने देवळाची पायरी पाहिली नाही त्याच्या पोटात देव. वारीला जाणाऱ्यांनी याचा राग मानू नये. नामदेवरायांनी मानला नाही. त्यांनीच सावतोबांची थोरवी गाइली.

शके १२१७, आषाढ वद्य चतुर्दशी, म्हणजे इ. स. १२९५ च्या पावसाळ्यात महाराजांनी देह ठेवला. वय पंचेचाळीस. पुढल्याच वर्षी आळंदीस ज्ञानोबारायांनी समाधी घेतली. सावतोबांची समाधी आरणलाच आहे, ज्या मातीत हात घालून आयुष्य गेले त्या मातीत. आषाढीला सगळ्या संतांच्या पालख्या पंढरपुरी येतात. एकादशीनंतर मात्र एक पालखी उलट दिशेने निघते. ती पांडुरंगाची असते आणि ती आरणला सावतोबांच्या भेटीला जाते. त्यांच्या पुण्यतिथीच्या त्या उत्सवात नारळांची हंडी बांधतात आणि काला होतो. ज्यांची आषाढी चुकली त्यांनी ही तिथी लक्षात ठेवावी. एकादशीपासून अठरा दिवस मध्ये असतात. पावसाने साथ दिली तर तोवर उमरग्याकडची पहिली कोळपणी उरकलेली असते, म्हैसही व्यालेली असते, आणि दोन दिवस घराबाहेर राहता येते.