समुद्राच्या अंधारात वाट दाखवणारा शास्त्रज्ञ

खोल समुद्रात प्रकाश काही शे मीटरच्या पलीकडे पोहोचत नाही. रेडिओलहरी तर खाऱ्या पाण्यात शिरताच क्षीण होतात. त्यामुळे जमिनीवर आपले अचूक ठिकाण सांगणारी उपग्रहयंत्रणा पाण्याखाली निरुपयोगी ठरते. तेथे दूरवर जाऊ शकतो तो केवळ ध्वनी. पाण्यात त्याचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर, म्हणजे हवेतील वेगाच्या चौपटीहून अधिक असतो. या ध्वनीला दिशा देऊन, त्याचा प्रतिध्वनी टिपून पाण्याखालच्या वस्तूचा ठावठिकाणा सांगण्याची विद्या ज्यांनी प्रत्यक्षात उतरवली, त्या शास्त्रज्ञांत फ्रान्सचे पॉल लांझव्हँ यांचे स्थान अग्रभागी आहे.

२३ जानेवारी १८७२ रोजी पॅरिसमध्ये जन्मलेले लांझव्हँ वयाच्या सोळाव्या वर्षी तेथील भौतिकी व रसायन विद्यालयात दाखल झाले. तेथे त्यांना शिकवायला होते पिएर क्यूरी. क्यूरी आणि त्यांचे थोरले बंधू जॅक यांनी १८८० मध्ये एक विलक्षण गुणधर्म शोधून काढला होता. क्वार्ट्झसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्या पृष्ठभागावर विद्युत्‌भार निर्माण होतो. उलट, स्फटिकाला विद्युत्‌दाब दिला तर तो किंचित आकुंचन-प्रसरण पावतो. पुढची तीस-पस्तीस वर्षे हा गुणधर्म बहुतांशी प्रयोगशाळेतच राहिला. त्याला समुद्रावर नेण्याचे काम क्यूरींच्या या विद्यार्थ्याच्या हातून व्हायचे होते.

केंब्रिजला जे. जे. थॉमसन यांच्या प्रयोगशाळेत काही काळ काम करून लांझव्हँ पॅरिसला परतले. १९०५ मध्ये पदार्थांच्या चुंबकत्वाची मूलभूत मीमांसा करून त्यांनी युरोपात नाव मिळवले. आइन्स्टाइन यांच्या सापेक्षता सिद्धांताचा फ्रान्समध्ये हिरिरीने पुरस्कार करणाऱ्यांत ते होते. मात्र १९११ साली त्यांच्या नावाचा गाजावाजा झाला तो वेगळ्याच कारणाने. पिएर क्यूरींच्या अपघाती निधनानंतर मारी क्यूरी आणि विवाहित लांझव्हँ यांच्यात निर्माण झालेली जवळीक पॅरिसच्या वृत्तपत्रांनी चव्हाट्यावर आणली. प्रकरण इतके विकोपाला गेले की लांझव्हँ यांनी एका संपादकाला द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. सुदैवाने एकही गोळी न सुटता ते संपले.

१९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली आणि पाण्यातील अडथळे आधीच ओळखता येतील का, याचा विचार अनेक संशोधक करू लागले. १९१४ मध्ये रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी अटलांटिकमधील हिमनगाचा प्रतिध्वनी सुमारे दोन मैलांवरून टिपला. पण त्यांच्या यंत्राचा ध्वनी कमी कंप्रतेचा असल्याने सर्व दिशांना पसरे आणि वस्तू नेमकी कोठे आहे, हे कळत नसे. त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. जर्मन पाणबुड्या जहाजे बुडवू लागल्या आणि प्रश्न जीवनमरणाचा झाला.

कॉन्स्टँटिन चिलोवस्की या रशियन अभियंत्याने १९१५ मध्ये फ्रेंच सरकारकडे एक कल्पना मांडली. मानवी कानाला ऐकू न येणारा, अतिउच्च कंप्रतेचा ध्वनी पाणबुडीवर सोडावा, अशी ती कल्पना होती. सरकारने तिची पारख लांझव्हँ यांच्यावर सोपवली. सेकंदाला ४० हजार कंपने असलेल्या ध्वनीची तरंगलांबी पाण्यात जेमतेम पावणेचार सेंटिमीटर भरते. त्यामुळे तो विजेरीच्या झोतासारखा एका दिशेने सोडता येतो. प्रतिध्वनी परतायला एक सेकंद लागला, तर वस्तू साडेसातशे मीटरवर आहे, असा सरळ हिशेब मांडता येतो.

आरंभीचे प्रयोग सीन नदीत झाले आणि पुढे तूलाँच्या नौदल तळावर ते सुरू राहिले. अभ्रकाचा वापर केलेले पहिले प्रक्षेपक बेभरवशाचे ठरले. १९१७ मध्ये लांझव्हँ यांना गुरूंचा स्फटिक आठवला. क्वार्ट्झच्या पातळ चकत्या दोन पोलादी तबकड्यांमध्ये बसवून त्यांनी असे साधन बनवले की तेच ध्वनी सोडे आणि परतणारा प्रतिध्वनीही तेच टिपे. हा क्षीण संकेत वाढवायला त्या काळी नव्यानेच आलेले रेडिओ व्हॉल्व्ह उपयोगी पडले. १९१८ च्या आरंभी पाण्याखालील पाणबुडीचा स्पष्ट प्रतिध्वनी मिळाला. यंत्रणा जहाजांवर सर्रास बसण्यापूर्वीच युद्ध संपले, पण त्या तत्त्वावर ब्रिटन व अमेरिकेत जे विकसित झाले, ते पुढे सोनार म्हणून ओळखले गेले.

युद्धासाठी साधन घडवणारा हा माणूस युद्धखोरीचा मात्र कट्टर विरोधक होता. १९३४ मध्ये फॅसिझमविरोधी बुद्धिवंतांच्या समितीत ते अग्रभागी होते. जर्मनीने फ्रान्स व्यापल्यावर ऑक्टोबर १९४० मध्ये त्यांना अटक झाली. तुरुंगवासानंतर त्यांना त्र्वा शहरात नजरकैदेत ठेवण्यात आले. मे १९४२ मध्ये त्यांचे जावई, भौतिकशास्त्रज्ञ जॅक सोलोमन यांना नाझींनी गोळ्या घातल्या. कन्या एलेन यांची १९४३ मध्ये आउशवित्झच्या छळछावणीत रवानगी झाली. त्या वाचल्या, हेच कुटुंबाचे भाग्य. सत्तरी ओलांडलेले लांझव्हँ १९४४ मध्ये गुप्तपणे स्वित्झर्लंडला पोहोचले आणि मुक्तीनंतर मायदेशी परतले. फ्रान्सच्या शिक्षणपद्धतीच्या फेरमांडणीचे काम हाती असतानाच १९ डिसेंबर १९४६ रोजी त्यांचे निधन झाले. १९४८ मध्ये त्यांच्या अस्थी पाँतेआँ या राष्ट्रीय स्मारकात हलवण्यात आल्या.

त्यांच्या संशोधनाचा पुढचा टप्पा शांततेच्या काळात आला. प्रतिध्वनीने समुद्राची खोली मोजण्याची पद्धत १९२० च्या दशकात रूढ झाली. एप्रिल १९६३ मध्ये अमेरिकेची थ्रेशर पाणबुडी १२९ जणांसह सुमारे अडीच हजार मीटर खोल बुडाली. तिचे अवशेष शोधताना एक उणीव तीव्रतेने जाणवली. समुद्रतळावर काय आहे, हे पाहणे पुरेसे नव्हते. पाहणारे यंत्र स्वतः कोठे आहे, हेही कळायला हवे होते. यातूनच ध्वनीद्वारे स्थाननिश्चितीच्या तंत्राला वेग आला. समुद्रतळावर प्रतिसादक ठेवायचे, संकेत पाठवून त्यांच्या उत्तराला लागणारा वेळ मोजायचा आणि तीन-चार अंतरांवरून आपले ठिकाण काढायचे, ही त्यातील प्रमुख रीत आहे. जहाजाच्या तळाशी जवळजवळ बसवलेल्या ग्राहकांवर संकेत पोहोचण्यातील सूक्ष्म फरकावरून दिशा काढणे, ही दुसरी.

आज तेलविहिरींची उभारणी, केबलची दुरुस्ती, बुडालेल्या विमानांचा शोध आणि खोल समुद्रातील यंत्रमानवांचा संचार याच पद्धतींवर चालतो. क्वार्ट्झची जागा आता कृत्रिम सिरॅमिकने घेतली आहे. पण दोन धातूंच्या मध्ये दाबविद्युत् पदार्थ बसवण्याची रचना तीच आहे, आणि अभियंते आजही तिला लांझव्हँ यांच्याच नावाने ओळखतात.