शेतसारा कुणाचा अन् शाळा कुणाची? जोतीराव फुल्यांनी सरकारपुढं मांडलेला हिशेब

११ एप्रिल आला की गावोगावी महात्मा फुल्यांच्या फोटोला हार पडतो, दोन भाषणं होतात, चहा होतो आणि माणसं पांगतात. मुलींची शाळा काढली, सावित्रीबाईंवर लोकांनी शेण फेकलं, एवढं आपल्याला तोंडपाठ आहे. पण याच माणसानं १८८२ साली इंग्रज सरकारला शाळेच्या पैशाचा हिशेब विचारला होता, हे गावात फार थोड्यांना ठाऊक असतं. आज त्याबद्दलच लिहितोय.

आधी थोडं घराण्याविषयी. फुले घराणं मूळचं सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातल्या कटगुणचं. आडनाव गोऱ्हे. पुढं पुरंदर तालुक्यातल्या खानवडीला आणि तिथून पुण्याला आले. पेशव्यांना फुलं पुरवायचा धंदा धरला, त्यावरून फुले झाले. जोतीरावांचा जन्म १८२७ चा. वर्षाचे असतानाच आई चिमणाबाई गेल्या. वडील गोविंदराव माळकाम करणारे. पोराला शाळेत घातलं, पण माळ्याच्या पोरानं शिकून करायचं काय, म्हणून लोकांनी वडिलांचे कान भरले आणि शाळा सुटली. पोरगं मळ्यात खुरपं धरून बसलं. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट नावाचे इंग्रज गृहस्थ या दोघांनी गोविंदरावांना समजावलं, म्हणून १८४१ साली पोरगं परत शाळेत गेलं. ही शाळा स्कॉटिश मिशनची. हे दोन शेजारी नसते तर? असो.

१८४८ साली बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली. पुढं महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, १८५५ साली दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळाही काढली. वडिलांनी घराबाहेर काढलं तेव्हा गंज पेठेत उस्मान शेख यांनी आसरा दिला. आणि एक सांगायला पाहिजे. जागा देणारे भिडे, सोबत काम करणारे गोवंडे, परांजपे हे ब्राह्मणच होते. जोतीरावांचं भांडण माणसाच्या जन्माशी नव्हतं, मक्तेदारीशी होतं.

आता १८८२. सरकारनं हंटर साहेबांच्या हाताखाली शिक्षणाचा आयोग नेमला. मोठमोठे लोक साक्षी-निवेदनं देत होते. १९ ऑक्टोबरला जोतीरावांनी आपलं इंग्रजीतलं निवेदन दिलं. त्यात त्यांनी स्वतःची ओळख काय दिली बघा. व्यापारी, शेतकरी आणि पुणे म्युनिसिपालटीचे सभासद. समाजसुधारक वगैरे काही नाही.

मुद्दा सरळ होता. सरकारची तिजोरी भरते ती रयतेच्या घामावर. सारा भरतो शेतकरी, वर शाळा-रस्त्यांसाठी रुपयामागं आण्याचा लोकल फंडही तोच भरतो. बडे लोक त्या मानानं फारच थोडं भरतात. आणि खर्च कुठं होतो, तर कॉलेजांवर आणि हायस्कुलांवर, जिथं त्याच बड्या घरची पोरं शिकतात. सरकारचं म्हणणं असं की वरच्या वर्गाला शिकवा, विद्या आपोआप खाली झिरपत जाईल. आता आपण पाटाचं पाणी रोज बघतो. शेपटाच्या रानाला पाणी आपोआप कधी पोचतं का? मधल्यानं बारं मोडलं की संपलं. जोतीरावांनी तेच विचारलं, की इतकी वर्षं झाली, या शिकलेल्या लोकांनी खालच्यांसाठी केलं काय?

त्यांनी आकडे दिले. मुंबई इलाख्यातल्या दहापैकी नऊ गावांत शाळेची काहीच सोय नाही, जवळजवळ १० लाख पोरं शाळेविना. पुण्यात महार-मांगांची वस्ती ५ हजारांवर, त्यांच्यासाठी शाळा एक, आणि तिथं हजर पोरं ३० पेक्षाही कमी. बाकीच्या शाळांत त्यांना शेजारी बसूच देत नव्हते, म्हणून त्यांच्या वस्तीत वेगळ्या शाळा काढा असं त्यांनी मागितलं.

पुढं मागण्या वाचत गेलं की वाटतं हा माणूस खरंच गावात वावरलेला होता. १२ वर्षं वयापर्यंत शिक्षण सक्तीचं करा. शिकवायचं काय? मोडी आणि बाळबोध लिहिणं-वाचणं, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल आणि व्याकरण, शेतीची माहिती, नीती आणि आरोग्य. शाळेला जोडून छोटंसं नमुन्याचं शेत ठेवा, म्हणजे पोरं हातानं करून शिकतील. गरिबाच्या पोरांना बक्षिसं, शिष्यवृत्त्या द्या. तपासणारा साहेब वर्षातून एकदा सांगून येतो, त्याचा उपयोग नाही. दर तीन महिन्यांनी यावं, मधे न सांगताही यावं.

मास्तरांबद्दल तर त्यांनी फार बारकाईनं लिहिलंय. तेव्हा बहुतेक मास्तर ब्राह्मण, आणि पगार इतका कमी की चांगला माणूस टिकत नसे. जोतीरावांचं म्हणणं, मास्तर होता होईल तो शेतकरी वर्गातून तयार करा. नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरायची ज्याला लाज वाटत नाही, लोकांत मिसळतो, असा. ट्रेनिंग झालेल्याला १२ रुपयांपेक्षा कमी पगार नको, मोठ्या गावात १५ ते २०. गावचं पोस्ट, स्टॅम्प विक्री, दस्त नोंदणी अशी जोडकामंही त्यालाच द्या, म्हणजे दोन पैसे वर मिळतील आणि गावात वजन राहील. (आज गुरुजींना जोडकामं भरपूर आहेत, फक्त वरचे पैसे तेवढे नाहीत.)

हा राग एका दिवसाचा नव्हता. १८६९ सालीच त्यांनी विद्याखात्यातल्या ब्राह्मण पंतोजींवर पोवाडा रचला होता. १८७३ ला सत्यशोधक समाज काढला. निवेदनाच्या सुमारासच शेतकऱ्याचा असूड लिहिणं चालू होतं.

आयोगानं काय केलं? १८८३ साली अहवाल दिला. प्राथमिक शिक्षणाकडं जास्त लक्ष द्या म्हटलं, शाळा लोकल बोर्डांच्या आणि म्युनिसिपालट्यांच्या गळ्यात घातल्या, पण सक्ती काही केली नाही. जोतीराव गप्प बसले नाहीत. १८८८ साली पुण्यात राणीच्या मुलाला, म्हणजे ड्यूक ऑफ कॅनॉटला मेजवानी होती. हिरे-मोत्यांनी नटलेल्या पाहुण्यांत हे शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि त्याला तोंडावर सांगितलं, की हे बसलेत ते म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरी प्रजा खेड्यात आहे, तिला शिकवा. त्याच वर्षी मुंबईत मांडवीला लोकांनी महात्मा ही पदवी दिली, आणि त्याच वर्षी अर्धांगवायूनं उजवं अंग गेलं. तर डाव्या हातानं पुस्तक लिहिलं. ते छापून आलं १८९१ ला, पण त्याआधीच, २८ नोव्हेंबर १८९० ला, ते गेले होते.

सक्तीचा कायदा बडोद्याच्या सयाजीरावांनी संस्थानात केला. गोखल्यांनी १९११ ला कलकत्त्याच्या सरकारपुढं बिल मांडलं, ते पडलं. १९१७ ला शाहू महाराजांनी कोल्हापुरात सक्तीचा हुकूम काढला. साऱ्या देशासाठी मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला. निवेदनाला तोवर १२७ वर्षं झाली होती.

आमच्या वस्तीवरच्या शाळेत पहिली ते चौथी मिळून दोन गुरुजी. हे लिहितोय त्या आठवड्यात त्यातले एक मतदार यादीच्या कामावर आहेत, त्यामुळे चारही वर्ग एकाच खोलीत बसलेत. ज्यांची ऐपत आहे त्यांच्या दारात सकाळी तालुक्याच्या इंग्लिश मीडियमची पिवळी गाडी येते. पट कमी म्हणून शाळा राहते की जाते, याची चर्चा पारावर चालू आहे.